नऊ वाजून चाळीस मिनिटं

बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं शिकवण्या घेतल्या आणि मग राइट टाउनमधल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मला नोकरी लागली. कंपनी म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात मालक, मी आणि खांबावर चढून तारा ओढणारे दोन लाइनमन. मालक एका मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घ्यायचे आणि जबलपूरच्या काही भागांत घरोघरी, दुकानोदुकानी पोचवायचे. त्यांना सगळेच भैया म्हणत, मीही तेच म्हणत असे.

पहिले काही महिने माझं काम फोन उचलायचं होतं. "नेट नहीं चल रहा" असं कोणी ओरडलं की राउटर बंद करून चालू करायला सांगायचं. मग भैयांनी आणखी एक काम माझ्याकडे दिलं. मोठ्या कंपनीकडून कधीकधी तक्रारीचे ईमेल यायचे. तुमच्या अमुक आयपी अॅड्रेसवरून कोणीतरी दुसऱ्याच्या संगणकात शिरायचा प्रयत्न करतंय, शोधा आणि कळवा, असा त्यातला मजकूर. आयपी अॅड्रेस म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबर. पण आमच्याकडे ग्राहक जास्त आणि हे नंबर कमी. त्यामुळे एखाद्याचा राउटर बंद झाला की त्याचा नंबर सुटायचा आणि नंतर जो कोणी राउटर चालू करेल त्याला मिळायचा. कोणता नंबर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत कोणाकडे होता, याची नोंद आमच्या मशीनमध्ये आपोआप राहायची. तक्रारीतला नंबर आणि वेळ त्या नोंदीशी ताडून पाहायची आणि ग्राहकाला गाठायचं.

मला हे काम आवडायला लागलं. लोक खोटं बोलायचे आणि ते मला बसल्या जागी दिसायचं. "हमने तो नेट चलाया ही नहीं" म्हणणाऱ्याची रात्रभराची नोंद माझ्यासमोर असायची. हळूहळू कोणाच्याही बोलण्यावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, ही सवय लागली. घरी आई म्हणायची, "तू काहून अशी वकिलासारखी विचारून राहिली? भाजीवालाच आला होता, सांगितलं ना."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक तक्रार आली. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या संगणकावर कोणीतरी एकामागून एक पासवर्ड टाकून पाहत होतं. मिनिटाला शेकड्यांनी. नंबर आमचा होता. वेळ लिहिली होती आदल्या दिवशीची, नऊ वाजून चाळीस मिनिटं.

मी नोंद काढली. नऊ चाळीसला तो नंबर राइट टाउनमधल्याच एका घरी होता आणि ते घर माझ्या ओळखीचं निघालं. मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या एक काकू. त्यांचे यजमान एका संरक्षण कारखान्यात होते, ते जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा बंगलोरला. सत्तरीच्या त्या बाईंना फोनवर नातवाला पाहण्यापलीकडे इंटरनेट कशाला लागणार? दुसऱ्या दिवशी त्याच नंबरची आणखी एक तक्रार आली. तिसऱ्या दिवशी तिसरी. त्या दोन तक्रारींसाठी मी नोंद उघडलीच नाही. नंबर तोच होता, म्हणजे घरही तेच. मी काकूंना फोन लावला.

"काकू, तुमच्याकडे नेट कोण कोण वापरतं?"

"मी वापरते. आन् वरची पोरगी वापरते. भाडेकरीण. काहून गं?"

"काय करते ती?"

काकूंनी आवाज खाली आणला. "तेच तर समजत नाही न बाई. आठ महिने झाले. सकाळपासून दार लावून कॉम्प्युटरवर बसून राहते. कानात ते घालते आन् इंग्रजीत पुटपुटते. मी चहा घेऊन गेली की झाकण लावून टाकते. तू येऊन पाहून जा ना."

मी त्याच दिवशी अकराच्या सुमाराला गेले. राउटर तपासायला आले आहे, असं सांगायचं ठरलं होतं. वरच्या खोलीचं दार अर्धं उघडलं. तिशीतली, बारीक अंगाची, केस वर बांधलेली बाई. कानातलं काढून तिने आधी मागे वळून लॅपटॉप बंद केला आणि मग आम्हाला आत घेतलं. मी ते पाहिलं, काकूंनीही पाहिलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"क्या काम करती हैं आप?" मी विचारलं.

"टाइपिंग का."

"किसके लिए?"

"एक कंपनी है. बाहर का काम आता है." तिने कानातलं टेबलावर ठेवलं. "उससे ज़्यादा नहीं बता सकती, दीदी. मना है."

खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीला खिळ्यावर अडकवलेली पिशवी. टेबलावर एक वही होती, तिच्यात इंग्रजी शब्दांच्या लांबच लांब याद्या. तिने वहीही मिटली. मी राउटरपाशी वाकून उगाच तारा हलवल्या. काकू दारातून मला मराठीत म्हणाल्या, "पाहिलं ना? बाहेरचं काम म्हणते. आमच्या ह्यांच्या कारखान्यात गेटवर डबा उघडून पाहत होते, आन् इथं माझ्याच घरात बाहेरच्या देशाचं काम चालू!"

"काकू, तिच्यासमोर नको," मी म्हणाले.

"तिला काय समजते? मंडल्याकडची आहे, हिंदीवाली."

मग मीही सैल सुटले. मराठीतच म्हणाले, "मला तर हीच वाटते. कोणी विचारल्यावर इतकं लपवतं का?"

ती खिडकीपाशी उभी होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला तोही पुरावाच वाटला.

ऑफिसात येऊन मी अहवाल लिहिला. ग्राहक वृद्ध आहेत, त्यांच्या भाडेकरूवर संशय आहे, जोडणी बंद करत आहोत. भैयांनी तो वाचून मान हलवली. मोठी कंपनी त्यांच्या मागे लागली होती. लवकर कारवाई केली नाही तर सगळा पुरवठा थांबवू, असं दोनदा लिहून आलं होतं. "बढ़िया, दीदी," ते म्हणाले, "भेज दो." मी अहवाल पाठवला आणि काकूंची लाइन बंद केली. त्या वेळी वर ती काम करत असणार, हे मला माहीत होतं.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. त्यांनी तिला खोली सोडायला सांगितलं होतं. "रडली बिडली नाही. सामान बांधलं आन् गेली. गोहलपुरात तिची कोणी मावसबहीण आहे म्हणे. मी म्हटलं, जा बाई, मला पोलिसांचं लचांड नको."

आणि तक्रारी थांबल्या. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. एकही ईमेल नाही. भैयांनी मला समोसे आणून खाऊ घातले आणि लाइनमनना सांगितलं, दीदी ने घर में बैठा चोर पकड़ लिया. मी नको नको म्हणत होते, पण घरी जाऊन ते आईला दोनदा सांगितलं.

पाचव्या दिवशी नवी तक्रार आली. तेच विद्यापीठ, तोच प्रकार. नंबर मात्र वेगळा होता. वेळ साडेनऊच्या पुढची. मी नोंद पाहिली. त्या वेळी हा नंबर गोहलपुरातल्या एका शिलाईच्या कारखान्याकडे होता.

गोहलपुरात आमचे कितीतरी ग्राहक होते. पण माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ती गोहलपुरात गेली आणि तक्रार गोहलपुरातून आली. मी काकूंकडून मावसबहिणीच्या घराचा ठावठिकाणा घेतला. भैयांना म्हणाले, या वेळी मी समोर बसूनच विचारते. तक्रारीचे सगळे कागद छापून घेतले आणि स्कूटी काढली.

शिलाईचा कारखाना आधी सापडला. एका लांब खोलीत दहाबारा मशिनी, सलवार-सूट शिवणं चालू. मालकाला विचारलं, अशी अशी बाई इथे येते का, तुमचं नेट कोणी वापरतं का? तो वैतागला. नेटवर फक्त हिशोबाचं काम, तेही सकाळी. अकराला तो राउटर बंद करून टाकायचा, कारण पोरं गाणी लावतात. मला वाटलं, हाही लपवतोय.

मावसबहिणीचं घर तिथून तीन गल्ल्या पलीकडे होतं. दार तिनेच उघडलं. मला पाहिल्यावर ती आत वळली नाही, बाजूलाही झाली नाही.

"अब क्या?" ती म्हणाली.

"आपने यहाँ किसका नेट लिया है?"

"किसी का नहीं. लॅपटॉप बंद पड़ा है. काम गया."

ते मी मनात कुठेतरी ठेवलं असेल, पण तोंडाने म्हणाले, "कागज़ हैं मेरे पास. सब लिखा हुआ है."

"दिखाइए."

आतापर्यंत मी हे कागद कोणत्याही ग्राहकाला दाखवले नव्हते. त्यांना काय कळणार, असं वाटायचं. तिने हात पुढे केला होता आणि माझ्याकडे नाही म्हणायला कारण नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. मांडीवर कागद ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, एकेक ओळ बोटाखाली धरत. मी उभीच. आत कुकरची शिट्टी झाली, मावसबहिणीने गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती वाचतच होती. मग तिचं बोट थांबलं.

"ही वेळ कुठली आहे?" तिने विचारलं.

मराठीत विचारलं. मला ते कळायलाच एक क्षण गेला.

"कुठली म्हणजे?"

"नऊ चाळीस. कुठले नऊ चाळीस? हे पहा, वेळेच्या पुढे तीन अक्षरं आहेत. यूटीसी. हे आपले नऊ चाळीस नाहीत. ही सगळ्या जगासाठी धरलेली वेळ आहे. आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत."

मी कागद तिच्या हातातून घेतला. तीन अक्षरं होती. प्रत्येक कागदावर होती. कित्येक महिने मी ते ईमेल उघडत होते आणि ती अक्षरं मला दिसलीच नव्हती, किंवा दिसून काही वाटलं नव्हतं.

"मी परदेशातल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकून टाइप करते," ती म्हणाली. "करत होते. तिथल्या पेशंटचे आजार असतात त्यात, म्हणून स्क्रीन कोणाला दाखवायची नाही असा नियम आहे. आणि त्यांच्या घड्याळात फाइल किती वाजता द्यायची ते मला रोज मोजावं लागतं. चुकलं की काम जातं. नऊ चाळीस म्हणजे आपल्याकडे दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं."

"तुम्हाला मराठी..." मी म्हणाले.

"आई गोंदियाची आहे. नीट बोलता येत नाही म्हणून बोलत नाही. समजतं सगळं. त्या दिवशीही समजत होतं."

मला तिथे उभं राहवेना आणि निघताही येईना. ती मला बस म्हणाली नाही. शेवटी मीच म्हणाले, मी ऑफिसात जाऊन परत पाहते. ती म्हणाली, "पहा. आणि दुपारी तीनला आधीच्या घरी काकू काय करतात, तेही विचारा. झोपतात. झोपताना खालची मेन बटणं बंद करतात, वरचा राउटरही त्यावरच आहे. मला दुपारचं नेट कधी मिळालंच नाही."

स्कूटीवर परत येताना मी अजूनही स्वतःला सांगत होते की ती हुशार आहे, बोलण्यात गुंतवतेय. ही गोष्ट कबूल करायला मला आजही जड जातं. ऑफिसात पोचल्यावर मी चारही तक्रारींच्या वेळांत साडेपाच तास मिळवले आणि नोंद नव्याने काढली. पहिल्या दिवशी नऊ चाळीसला नंबर काकूंकडे होता, ते खरंच होतं. दुपारी काकूंनी बटणं बंद केली आणि नंबर सुटला. दोनच्या आधी तो बडा फुहारा बाजारातल्या एका कापडाच्या दुकानाकडे गेला होता आणि पुढचे दिवसही तिथेच राहिला होता. मी ज्या दोन तक्रारींची नोंद उघडली नव्हती, त्या दोन्ही वेळी तो दुकानात होता. शिलाईच्या कारखान्याचंही तसंच. त्यांनी अकराला राउटर बंद केल्यावर सुटलेला नंबर त्याच दुकानाने उचलला होता.

मी लाइनमनला घेऊन दुकानात गेले. ज्या दिवशी मी काकूंची लाइन तोडली, त्याच दिवसापासून मालकाच्या घरच्या लग्नासाठी दुकान चार दिवस बंद होतं. वीज पूर्ण बंद. तक्रारी त्यामुळे थांबल्या होत्या. दुकानात गल्ल्याच्या वर एक नवा कॅमेरा बसवलेला. नोकर कापडाचे तागे पळवतात, असा मालकाला संशय होता म्हणून. कॅमेऱ्याचा पासवर्ड बनवणाऱ्या कंपनीने दिला तसाच ठेवलेला, एक दोन तीन चार. बाहेरून कोणीतरी त्यात शिरलं होतं आणि त्या कॅमेऱ्यामार्फत दुसऱ्यांची दारं ठोठावत होतं. मालक पुन्हा पुन्हा विचारत होते, "मतलब कोई मुझे देख रहा था?" लाइनमनने कॅमेरा काढून ठेवला. त्यानंतर तक्रार आली नाही.

मी भैयांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "चलो, मिल गया ना असली. बात खत्म."

"बड़ी कंपनी को बताना पड़ेगा कि हमारी पहली रिपोर्ट गलत थी. और उस लड़की को लिखकर देना पड़ेगा."

"कंपनी को भेज दो. लेकिन उसको लिखकर मत दो, दीदी. लिखा हुआ कागज़ घूमता रहता है."

मी संध्याकाळी काकूंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं. "असं झालं का? मग तूच तर सांगितलं होतं मला, हीच वाटते म्हणून."

"हो. माझं चुकलं. तिला परत बोलावता का?"

"आता कसं बोलावू? खोली दिली एकाला. बँकेत आहे म्हणे." मग त्या म्हणाल्या, "आन् खरं सांगू का, मन नाही होत आता. एकदा वाटलं ना मनाला, ते जात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी भैया बाहेर गेल्यावर मी कंपनीच्या छापील कागदावर पत्र लिहिलं. तक्रारीची वेळ वाचताना माझी चूक झाली, या बाईंचा त्या प्रकाराशी काही संबंध नव्हता, जोडणी चुकून बंद केली गेली. खाली माझी सही केली आणि कंपनीचा शिक्का मारला. शिक्का भैयांच्या खणात असायचा. तो न विचारता घेतला आणि परत जागेवर ठेवला.

तिने पत्र उंबऱ्यावरच उभं राहून वाचलं. दोनदा वाचलं. मग आतून पेन आणलं. "इथे तुम्ही फक्त चूक झाली लिहिलंय. कोणती वेळ धरली आणि कोणती धरायला हवी होती, ते लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, दया करून लिहिलं." मी ते लिहिलं. एका इंग्रजी शब्दात माझं एक अक्षर सुटलं होतं, तेही तिने दाखवलं. दोन्ही ठिकाणी परत सही घेतली.

"याने काम परत मिळेल?" मी विचारलं.

"माहीत नाही. त्यांना मी चार फाइली उशिरा दिल्या, एवढंच दिसतं." तिने कागदाची घडी घातली. "तुम्ही त्या दिवशी वर आलात तेव्हा कागद दाखवला असता, तर दोन मिनिटं लागली असती."

मी माफी मागितली. तिने ती ऐकली आणि दार लावून घेतलं. जोराने नाही.

शिक्क्याचं मी भैयांना स्वतःच सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग कामापुरतं बोलू लागले. नोकरीवरून काढलं मात्र नाही. मोठ्या कंपनीला पाठवलेल्या दुरुस्तीचं उत्तर कधीच आलं नाही. तिचं काय झालं ते मला मावसबहिणीकडून कळलं. मावसबहिणीच्या घरी नंतर आमचीच लाइन घेतली होती. तिच्या जुन्या टाइपिंगच्या कंपनीने पत्र ठेवून घेतलं, पण काम दुसऱ्याला देऊन टाकलेलं होतं. काही महिन्यांनी तिला नागपूरला एका इस्पितळात रिपोर्ट टाइप करायची नोकरी मिळाली. मी पत्ता मागितला नाही, मावसबहिणीनेही दिला नाही.

पुढच्या संक्रांतीला एका घरी हळदीकुंकवात काकू भेटल्या. वाण देता देता त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं.

"ऐक ना. तो बँकवाला आहे ना वरचा, तो आजकाल सुटीच्या दिवशीही बाहेर निघत नाही. फोनवर हळूहळू बोलून राहतो. तुझ्या मशीनमध्ये दिसते ना सगळं? जरा पाहून दे ना."

"काकू, असं पाहता येत नाही," मी म्हणाले. "आणि मी पाहणारही नाही."

"बरं बरं. मी आपलं सहज म्हटलं."

घरी परतताना आईने विचारलं, काकू काय म्हणत होत्या. मी काही नाही म्हणाले. खरं तर मी त्या बँकेतल्या माणसाचा विचार करत होते. सुटीच्या दिवशी घरात बसून तो हळू आवाजात कोणाशी बोलत असेल, हे मला जाणून घ्यायचं होतं.